चाळीस हजारांत स्विफ्टचे हँडलिंग: आधी दुरुस्ती, मग सुधारणा

वाचकाचे पत्र: माझ्याकडे 2015 ची स्विफ्ट व्हीएक्सआय ही पेट्रोल गाडी आहे. मी ती जुनी घेतली असून आता ती 82,000 किलोमीटर चालली आहे. मी मुलुंडला राहतो आणि पूर्व द्रुतगती महामार्ग व पूर्व मुक्त मार्गाने फोर्टला कामावर जातो. ऐंशीच्या वेगात मार्गिका बदलली की गाडी आधी एका बाजूला झुकते, मग डुलून सावरते. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत थोडे-थोडे सांभाळावे लागते आणि पेव्हर ब्लॉकवरून जाताना पुढून टकटक आवाज येतो. चिपळूणला गावी जाताना कशेडी आणि परशुराम घाटात तर विश्वासच वाटत नाही. कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये मला तीन उपाय सांगितले: दोन हजारांत स्प्रिंग कापणे, अठरा हजारांत लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंग), किंवा 17 इंची अलॉय व्हील. एका मित्राने स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवायला सांगितले आहे. माझ्याकडे 40,000 रुपये आहेत. मागच्या सीटवर वडील बसतात, त्यांचे वय त्र्याहत्तर आहे आणि त्यांना कमरेचा त्रास आहे. काय करावे?

उत्तर: तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत, की गाडी न पाहताही बरेच काही सांगता येते. स्विफ्टची ही पिढी भारतात 2011 साली आली आणि तिच्या वर्गात वळणावर भरवशाने चालणारी गाडी म्हणून तिचा लौकिक होता. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकत्र उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) ही तिची रचना साधी, टिकाऊ आणि दुरुस्तीला स्वस्त आहे. अशी गाडी मार्गिका बदलताना डुलत असेल, सरळ रस्त्यावर भटकत असेल आणि लहान खाचांवर आवाज करत असेल, तर तिचे सस्पेन्शन मुळात कमी पडत आहे असे समजण्याआधी ते झिजले आहे का, हे पाहिले पाहिजे. माझ्या मते ते झिजलेलेच आहे. झिजलेल्या बुशवर (सांध्यांतल्या रबरी आवरणांवर) आणि सैल सांध्यांवर कडक स्प्रिंग बसवली, तर मूळ दोष जागेवरच राहतो आणि त्याच सांध्यांना पूर्वीपेक्षा मोठे धक्के सोसावे लागतात. म्हणून तुमच्या चाळीस हजारांतला पहिला रुपया गाडीला तिच्या मूळ स्थितीत आणण्यावर खर्च व्हावा, आणि तसे केल्यावर बहुधा तुम्हाला हवी असलेली सुधारणा त्यातच मिळून जाईल.

यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण ते समजले तर पुढे कोणत्याही दुकानात तुम्ही स्वतःच योग्य प्रश्न विचारू शकाल. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि चाकाला रस्त्याप्रमाणे वर-खाली होऊ देते. परंतु दबलेली स्प्रिंग साठवलेली शक्ती परत करते, आणि ती शक्ती जिरवणारे काही नसेल तर गाडी बराच वेळ हेलकावत राहते. शॉक ॲब्सॉर्बरच्या आतले तेल बारीक झडपांमधून रेटले जाते, त्यात ही शक्ती उष्णतेत बदलते आणि हेलकावा थांबतो. तुम्ही लिहिलेले "डुलून सावरते" हे वर्णन म्हणजे नेमके हेच काम नीट होत नसल्याची खूण आहे. स्प्रिंग तिचे काम करते आहे, तिला आवरणारा शॉक ॲब्सॉर्बर थकला आहे. अशा वेळी स्प्रिंग आणखी कडक केली तर ती परत फेकत असलेली शक्ती वाढते, आणि आधीच थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर जास्त काम येऊन पडते.

गाडीचे झुकणे आणि गाडीची पकड या दोन वेगळ्या बाबी आहेत, हेही लक्षात घ्यावे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. तो किती सरकेल हे मुख्यतः गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वळण घेण्याचा वेग यांवर ठरते. स्प्रिंग कडक केल्याने गाडी डोळ्यांना कमी झुकलेली दिसते, परंतु सरकणारा एकूण भार जवळपास तेवढाच राहतो. खडबडीत रस्त्यावर तर फार कडक स्प्रिंगचे चाक खड्ड्याच्या कडेवरून उडते आणि जमीन सोडलेल्या चाकाला पकड शून्य असते. गुळगुळीत रेसट्रॅकसाठी योग्य असलेला कडकपणा मुंबईच्या रस्त्यावर पकड कमी करतो, तो असा.

आता गॅरेजने सुचवलेल्या उपायांकडे वळू. स्प्रिंग कापण्याचा उपाय कृपया पूर्णपणे सोडून द्या. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या मोकळ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा मोकळ्या वेढ्यांपैकी एक कापला, तर ती सुमारे वीस टक्क्यांनी कडक होते. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुन्याच कडकपणाच्या हिशोबाने बनवलेला असतो. त्याहून गंभीर बाब अशी, की स्प्रिंगचे टोक खालच्या बशीत बसेल अशा बेताने घडवलेले असते आणि कापलेले टोक तिथे बसत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक लटकले की आखूड झालेली स्प्रिंग मोकळी होते, सरकू शकते, आणि चाक परत वर येताना ती कुठे बसेल याची शाश्वती नसते. कापण्यासाठी गॅसची ज्योत वापरली तर त्या जागेच्या पोलादाचा टणकपणाही बिघडतो. त्या गाडीत तुमचे वडील बसणार आहेत, एवढे एकच कारण हा उपाय नाकारायला पुरेसे आहे.

नामांकित कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंगची गोष्ट वेगळी आहे. त्या विचारपूर्वक बनवलेल्या असतात आणि जुळणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरसह योग्य रस्त्यावर चांगले काम करतात. तरीही तुमच्या वापरासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि जमीन यांतले अंतर, 170 मिलिमीटर आहे. तीस-चाळीस मिलिमीटर उतरवल्यावर 130 ते 140 उरतो, आणि पाच माणसे व सामान भरल्यावर त्याहूनही कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे त्याचा चढ सौम्य असावा. आपल्या गल्ल्यांतले आणि सोसायट्यांच्या फाटकांजवळचे गतिरोधक असे मोजून बांधलेले नसतात. ते अरुंद आणि उभे असतात, आणि उतरवलेल्या गाडीचे पोट त्यांवर घासते. त्यात मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीचा एक तांत्रिक स्वभाव आहे. ती उतरवली की खालची आर्म (लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) आडवी होत जाऊन उलट्या दिशेला कलू लागते, आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणामी गाडीला झुकवणारा जोर काही प्रमाणात वाढतो आणि कडक स्प्रिंगचा बराच फायदा तो जोर थोपवण्यातच संपतो. टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, कोनही बदलत असल्याने खड्ड्यात चाक वर-खाली होताना किंचित वळते, म्हणजे तुम्हाला ज्या भटकण्याचा त्रास आहे तेच वाढते. शिवाय चाकाला वर जायला उरलेली जागा कमी होते, स्ट्रट वारंवार बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो, आणि तो प्रत्येक धक्का मागच्या सीटवरच्या कमरेपर्यंत पोहोचतो.

रबरी बफरबद्दल थोडक्यात. वेढ्यांमध्ये बफर अडकवला की तेवढा वेढा काम करेनासा होतो, स्प्रिंग कडक होते आणि गाडी किंचित उचलली जाते. मात्र उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो आणि रबराखाली पाणी व चिखल साचून स्प्रिंगचा रंग घासला जातो. चार महिने पाण्यातून जाणाऱ्या आणि उरलेले आठ महिने खाऱ्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या मुंबईच्या गाडीत गंज तिथूनच सुरू होतो. स्प्रिंग खचली असेल तर नवी स्प्रिंग घ्यावी, बफर घेऊ नये.

17 इंची अलॉयबद्दल आकडेच बोलतात. तुमच्या व्हीएक्सआयवर कंपनीने 165/80 आर14 टायर (रुंदी 165 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची) दिले आहेत आणि त्यांच्या बाजूच्या भिंतीची उंची 132 मिलिमीटर आहे. त्याच पिढीच्या झेडएक्सआयवर, म्हणजे वरच्या श्रेणीच्या स्विफ्टवर, 185/65 आर15 असतात, ज्यांची भिंत सुमारे 120 मिलिमीटर आहे आणि चाकाचा एकूण व्यास तुमच्या चाकापेक्षा फक्त दोन-एक मिलिमीटरने जास्त आहे. 17 इंची रिमवर 205/45 टायर बसवला तर भिंत 92 मिलिमीटर उरते. खड्ड्याचा धक्का सर्वप्रथम टायरची ही भिंत झेलते. ती चाळीस मिलिमीटरने कमी झाली की रिम वाकणे, टायरला फुगा येणे आणि बुश लवकर जाणे हे ओघाने येते. जड रिममुळे चाकाचे वजन वाढते आणि जड चाक खडबडीत रस्त्याला चिकटून राहणे शॉक ॲब्सॉर्बरला अवघड जाते. मोठे चाक दिसायला चांगले दिसते हे मी मान्य करतो. तुमच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही.

मग काय करावे? पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे. सकाळी गाडी थंड असताना चारही टायरची हवा मोजा आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेल्या आकड्याशी जुळवा. पंपावर "तीस-पस्तीस काहीही" भरून घेतलेली आणि चारही चाकांत वेगवेगळी असलेली हवा गाडीला एका बाजूला ओढते आणि तिला भटकवते. हे न करता सस्पेन्शनवर मत बनवणे योग्य नाही.

दुसरी पायरी म्हणजे गाडी लिफ्टवर चढवून, शक्यतो तुम्ही स्वतः शेजारी उभे राहून, तपासणी. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगचा संशय घ्यावा. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ आला, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (टाय रॉडच्या बाहेरच्या आणि आतल्या टोकाचे सांधे). लोअर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशला पहार लावून पाहिले की रबर फाटले आहे का ते लगेच दिसते. हा बुश गेला की ब्रेक मारताना आणि वेग घेताना गाडी दिशा बदलते, आणि तुमच्या भटकण्याच्या तक्रारीत त्याचा वाटा असण्याची मला दाट शंका आहे. पेव्हर ब्लॉकवरचा हलका, सलग टकटक आवाज बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचा असतो. स्टॅबिलायझर बार हा दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडून गाडीचे झुकणे थोपवणारा दांडा आहे. त्याची लिंक सैल असेल तर मार्गिका बदलतानाचे पहिले काही क्षण तो कामच करत नाही, आणि तुम्ही वर्णन केलेले "आधी झुकते" त्याच्याशी जुळते. हा भाग स्वस्त आहे. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवून स्प्रिंगमधून "टंग" असा आवाज येतो का तेही ऐका. येत असेल तर स्ट्रटचे माउंटिंग आणि बेअरिंग बदलायला झाले आहे. मागच्या टॉर्शन बीमचे दोन बुश बहुतेक ठिकाणी कोणी पाहतच नाही, ते मुद्दाम दाखवायला सांगा.

शॉक ॲब्सॉर्बर तपासण्यासाठी बॉनेट दाबून सोडायची जुनी पद्धत पूर्ण निकामी झालेला शॉक ॲब्सॉर्बरच ओळखते. अर्धवट थकलेला त्यातून सुटतो. दांड्यावर तेलाचा हलका ओलावा असणे हा दोष नसतो, मात्र बाहेरच्या नळीवरून तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर तो संपला आहे. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा. ठरावीक अंतरावर उंच-सखल कप जाणवत असतील, तर चाक रस्त्यावर उड्या मारत होते असे समजावे. 82,000 किलोमीटर आणि मुंबईचे रस्ते लक्षात घेता तुमच्या गाडीतले शॉक ॲब्सॉर्बर मूळचेच असतील तर ते बदलावेत, असे मी तपासणीआधीच सांगायला तयार आहे.

बदलताना कंपनीचे मूळ सुटे भाग घ्यावेत, किंवा गॅब्रिएल, मन्रो, केवायबी यांसारख्या शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्या कंपन्यांचे, तुमच्या मॉडेलसाठीच असलेले, वायूभारित शॉक ॲब्सॉर्बर घ्यावेत. मर्यादित बजेटमध्ये हीच खरी सुधारणा आहे. ते नेहमी जोडीने बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना असेल तर गाडी डाव्या आणि उजव्या वळणावर वेगवेगळी वागते. त्यांच्यासोबत माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ रोखणारे रबरी बूट नवेच टाकावेत. हे भाग फार महाग नसतात आणि ते नंतर बदलायचे ठरले तर पुन्हा सगळा स्ट्रट उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. जुन्या शॉक ॲब्सॉर्बरला भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून "नवा" करून देणाऱ्यांकडे कृपया जाऊ नका. आतली झडप झिजलेलीच राहते, तेल कोणत्या जाडीचे आहे ते ठाऊक नसते आणि वायूचा दाब परत येत नाही.

सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या बाजारातून घ्यायचे की अधिकृत वितरकाकडून, हा निर्णय भावापेक्षा पावतीवर करावा. बाजारात चांगला माल मिळतो आणि स्वस्तही मिळतो, पण नकली खोक्यांचाही तिथे सुळसुळाट आहे. पार्ट नंबर, छापील किंमत, होलोग्राम आणि जीएसटीची पक्की पावती यांपैकी काही नसेल तर तो भाग परत द्यावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांचे रिम घ्यायला हरकत नाही. तिथले वापरलेले शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्म आणि टाय रॉड एंड मात्र घेऊ नयेत.

बसवण्याच्या कामातली एक गोष्ट मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा, कारण चांगला माल बसवूनही काम फसते ते इथेच. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नसतात. ते हलके लावून, गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन सस्पेन्शनवर आल्यानंतर शेवटचे आवळायचे असतात. लटकत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, ते कायम पिळलेल्या अवस्थेत काम करते आणि वर्षभरातच फाटते. घाईच्या गॅरेजमध्ये ही काळजी घेतली जात नाही. बोल्ट टॉर्क रेंचने आवळले जातात का, स्प्रिंग दाबण्यासाठी योग्य कंप्रेसर आहे का, आणि सेल्फ लॉकिंग नट नवे लावले जातात का, एवढे तीन प्रश्न विचारल्यावर समोरच्या माणसाचे काम कसे असेल याचा अंदाज तुम्हाला येईल. पॉलियुरेथेनचे कडक बुशही काही जण सुचवतील. त्यांनी स्टिअरिंगचा प्रतिसाद सुधारतो हे खरे, पण ते रस्त्याचा प्रत्येक खरखरीतपणा आत आणतात आणि वंगण सुकले की कुरकुरतात. तुमच्या घरच्या गाडीला मूळ रबराचेच बुश योग्य आहेत.

हे सगळे झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावे, आधी नाही. या गाडीत पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची पुढची टोके आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, जुळवता येतो; कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कास्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल) बहुतांशी रचनेनेच ठरलेले असतात. म्हणून अलाइनमेंटनंतर "आधी" आणि "नंतर" अशा दोन्ही आकड्यांचा छापील कागद मागा. कॅम्बर दोन बाजूंना फार वेगळा दिसत असेल तर काहीतरी वाकलेले आहे, आणि ते टो जुळवून झाकले जाता कामा नये. मागच्या बीमचे आकडेही त्याच कागदावर असतात. मागचा बीम तिरका असेल तर गाडी सरळ चालवण्यासाठी स्टिअरिंग वाकडे धरावे लागते आणि पुढे कितीही अलाइनमेंट केले तरी तो दोष जात नाही.

टायरबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, आणि नेमके तिथेच तुमचे अर्धे पैसे जाऊ शकतात. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात; 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायरला सहा वर्षे उलटून गेली असतील तर नक्षी खोल दिसत असली तरी रबर कडक झालेले असते, आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी असते. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरहून कमी चालत नाही. मुंबईच्या पावसासाठी मात्र ती 3 मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. बजेटमुळे दोनच टायर घेणे शक्य असेल तर ते मागच्या चाकांवर टाका. पुढची चाके गाडी ओढतात आणि वळवतात म्हणून नवे टायर पुढे, असा सर्वसाधारण समज आहे, परंतु ओल्या वळणावर पुढची पकड गेली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यावर सावरता येते; मागची पकड गेली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

खर्चाचा अंदाज असा धरा, पण भाव दुकानागणिक वेगळे असल्याने तुमच्या गाडीसाठी लेखी कोटेशन घ्याच. पुढचे व मागचे चारही शॉक ॲब्सॉर्बर, माउंटिंग, बेअरिंग आणि मजुरी धरून पंधरा हजारांच्या आसपास. लोअर आर्म, लिंक रॉड, स्टॅबिलायझर बुश आणि टाय रॉड एंड हे सगळेच बदलावे लागले तर आणखी आठ ते दहा हजार. तपासणीत जे ठीक निघेल ते तसेच राहू द्यावे. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगला हजार-दीड हजार. उरलेल्या रकमेत तुमच्याच मापाचे, म्हणजे 165/80 आर14 चे, चांगल्या कंपनीचे टायर घ्यावेत; चारही एकदम बसत नसतील तर आत्ता मागचे दोन आणि सहा महिन्यांनी पुढचे दोन. 185/65 आर15 वर जाण्याने वळणावरची पकड निश्चित वाढेल, परंतु त्यासाठी रिमही घ्यावे लागतील आणि तो खर्च या बजेटमध्ये शॉक ॲब्सॉर्बरच्या वाट्यातून काढावा लागेल. तसे करू नये. पुढे कधी झेडएक्सआयचे सरळ, न वाकलेले मूळ रिम जुन्या बाजारात मिळाले, तर पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) जुळतो का ते पाहून अवश्य घ्या.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात ही भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा नवा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे, त्यात काही अडचण नाही. गाडीची उंची बदलणे किंवा कंपनीने त्या मॉडेलला न दिलेल्या मापाची चाके लावणे यावर आक्षेप येऊ शकतो, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरतो.

राहिला प्रश्न वडिलांच्या कमरेचा. चांगले शॉक ॲब्सॉर्बर बसल्यावर पहिले काही दिवस गाडी किंचित कडक वाटेल, कारण आत्तापर्यंतचा मऊपणा हा थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरचा होता. खड्ड्यानंतरचे दुसरे-तिसरे हेलकावे मात्र थांबतील, आणि लांबच्या प्रवासात कमरेला त्रास देणारे तेच असतात. चिपळूणला जाताना मागची सीट भरलेली असेल तर स्टिकरवर भारित गाडीसाठी दिलेली हवा मागच्या टायरमध्ये भरावी आणि परत आल्यावर कमी करावी. जड सामान डिकीच्या मागच्या टोकाशी न ठेवता सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे, टपावर तर अजिबात बांधू नये. टपावरचे ओझे गुरुत्वमध्य उंचावते आणि घाटात झुकणे वाढवते. पाच माणसे बसल्यावर मागची बाजू फारच खाली बसत असेल, तर मागच्या स्प्रिंग खचल्या आहेत का ते सपाट जमिनीवर मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून पाहा. खचल्या असतील तर कंपनीच्याच नव्या स्प्रिंग घालाव्यात.

काम पूर्ण झाल्यावर लगेच घाटात जाऊ नका. हजारेक किलोमीटर रोजच्या रस्त्यावर चालवा, मग बोल्ट पुन्हा तपासून घ्या आणि अलाइनमेंटचे आकडे एकदा पडताळून पाहा. त्यानंतरही पूर्व मुक्त मार्गाच्या सांध्यांवरून जाताना गाडी डुलत असेल, तर अलाइनमेंटचे दोन्ही कागद आणि बदललेल्या भागांची यादी मला पाठवा. पुढचे निदान त्यावरून करता येईल.